गुलाबबाईची खुर्ची

सारंगखेडा,
२३ डिसेंबर २०२४

प्रिय मास्तरीण,

फोनवर मी "बरी आहे, बरी आहे" म्हणते त्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझा फोन येतो तेव्हा सासूबाई खाटेवर बसून माझ्या तोंडाकडे बघत असतात. आणि तुझ्या त्या आश्रमशाळेला रेंज म्हणजे टेकडीवर चढायचं, वाऱ्यात निम्मं ऐकू येत नाही. त्यापेक्षा डी.एड.ला असताना सुट्टीत एकमेकींना लिहायचो, तशी पत्रंच बरी. आमचे हे शहाद्याला जातात तेव्हा स्टँडवर तुमच्या धडगावच्या जीपवाल्या खात्याकडे पत्र देतील. तूही त्याच्याच हाती पाठव.

तर बातमी अशी, की औषध बदललं. ते लाल औषध संपलं एकदाचं. सुरतेचे डॉक्टर म्हणाले, छातीतली गाठ निम्म्याहून लहान झालीय, आता दुसरं औषध देऊन आणखी आटवू आणि मग ऑपरेशन. नवं औषध दिसायला पाण्यासारखं आहे. तीन आठवड्यांनी एकदा, मंगळवारी. पहिलं झालं.

लाल औषधाने काय हाल केले ते तू बघून गेलीस. बादली उशाशी, आणि भाताच्या वासानेसुद्धा पोटात ढवळायचं. यावेळी एकही उलटी नाही! सासूबाईंनी गल्लीत गूळ वाटला. म्हणाल्या, "आते तुले उलटी नही व्हई ऱ्हायनी ना? मंग गुण उना समज." मला मात्र उलटीच धास्ती बसलीय. औषध इतकं गुमान बसलंय म्हणजे ते काही करतच नाही की काय? अंग तेवढं भयंकर दुखतं. दिवसभर कापूस वेचून आल्यावर कंबर आणि पिंढऱ्या कशा बोलतात, तसं, पण वेचणी न करता. तुझ्या आईकडचं मोहाच्या बियांचं तेल असेल तर बाटलीभर पाठव.

हो, एक मैत्रीण मिळाली. तुमच्या डोंगरातलीच आहे, गुलाबबाई पावरा. केमोच्या हॉलमध्ये तिची खुर्ची माझ्या शेजारी. हे औषध तिला माझ्याआधी सुरू झालं, म्हणून ती माझी मोठी जाऊ असल्यासारखी वागते. हॉलमध्ये एसी इतका, की बिचारी कुडकुडत होती. भाऊबीजेला भावाने दिलेली जांभळी शाल, पिवळ्या काठाची, तिच्या अंगावर टाकली. जाताना परत देऊ लागली, मी म्हटलं राहू दे. तुझ्यासारखीच हट्टी आहे, पण तुझ्यापेक्षा कमी बोलते.

यात्रेतले घोडे अजून हललेले नाहीत. मला गर्दीत जायची मनाई आहे, म्हणून ओट्यावरून टापा ऐकते.

तुझी,
प्रतिभा

•

आश्रमशाळा, ता. धडगाव,
१ जानेवारी २०२५

पाटलीणबाई,

तेलाची बाटली सोबत आहे. आईने स्वतः बूच लावून वर चिंधी बांधलीय, खात्याला दम दिलाय की सांडलं तर जीप पेटवून देईन. आई म्हणते नुसतं तेल चोळून भागणार नाही, शेक हवा. ती थंडीत स्वतःला घेते तसा घे. चुलीत वीट तापवायची, गोणपाटात गुंडाळायची, पलंगाच्या पायथ्याशी ठेवायची आणि तळपाय तिच्यावर टेकून निजायचं. दुखणं पायातून खाली उतरून जातं, असं आईचं म्हणणं. मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवते, तरी थंडीत आईची वीट पळवते, हे कुणाला सांगू नकोस.

उलटी नाही म्हणजे औषध काम करत नाही, हे डोक्यातून काढ. दोन औषधांचा त्रास सारखा कसा असेल? पण एक सांग, नुसतं दुखतंयच ना? दुसरं काही नाही ना? जे होतंय ते सगळं डॉक्टरांना सांगत जा. तुला ओळखते मी. होस्टेलात ताप अंगावर काढून गॅदरिंगला नाचली होतीस तू, आणि मग आठवडाभर मी तुझी भांडी घासली.

गुलाबबाईचा पाडा कोणता? आमच्याकडे अर्ध्या बायका गुलाबबाई आहेत.

तुझी,
सुनिता

•

सारंगखेडा,
१० जानेवारी २०२५

प्रिय सुनिता,

तुझ्या आईच्या पाया पडते म्हणून सांग. तेल लावून विटेवर पाय ठेवले की झोप लागते. सासूबाई रोज संध्याकाळी न सांगता वीट चुलीत टाकतात. त्यांनाही काहीतरी करायला मिळालं.

दुसरा डोस मंगळवारी झाला. येताना गंमत झाली. शहाद्याच्या स्टँडवर मी गाडीतून उतरले, गर्दीतून चालत रसवंतीपर्यंत आले आणि हे म्हणाले, "तुन्ही एक चप्पल कोठे गयी?" बघते तर एक पाय अनवाणी! हे मागे जाऊन शोधून आले. म्हटलं गर्दीत कुणीतरी पाय दिला असेल. खूप हसलो.

गुलाबबाईने डॉक्टरांना सांगितलं की तिच्या तळपायांना आता काहीच कळत नाही, बोटांनाही नाही, गोफण धरता येत नाही. डॉक्टरांनी तिचे पाय टोचून बघितले आणि सिस्टरला म्हणाले, हिचं औषध कमी करावं लागेल. गुलाबबाईचं तोंड उतरलं. मला म्हणाली, "ताई, तुलाही होत असेल तर सांग." मी म्हटलं मला कुठे काय होतंय.

तिचा पाडा तोरणमाळच्या रस्त्याला फुटतो, चिंचेच्या मोठ्या झाडाशी. बरोबर मुलगा येतो, दलसिंग.

तुझी,
प्रतिभा

•

सारंगखेडा,
२ फेब्रुवारी २०२५

सुनिता,

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

मंगळवारी तिसरा डोस झाला आणि गुलाबबाईची खुर्ची रिकामी होती. मी म्हटलं उशीर झाला असेल. मग त्या खुर्चीवर दुसऱ्याच बाईला बसवलं. सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, "वो अब इधर नहीं आएगी," आणि पुढे गेली. सुनिता, नहीं आएगी म्हणजे काय? माझं सलाईन संपेपर्यंत मी त्या नव्या बाईच्या पदराकडे बघत होते. गेल्या वेळी तिचं औषध कमी केलं, आणि यावेळी ती नाही. दुसरा काय अर्थ लावू मी?

आता खरं सांगते. चप्पल गर्दीमुळे गेली नव्हती. माझे तळपाय मेलेत. पहिल्या डोसनंतर मुंग्या होत्या, आता मुंग्याही नाहीत. ब्लाउजचे हूक सासूबाई लावून देतात, मी सांगते की हात वर जात नाही. काल नणंदेच्या मुलीचं केळवण होतं. तुला ठाऊक आहे, खापरावरचे मांडे गावात मी करते, दुसऱ्या कुणाला बोलावत नाहीत. मांडा हातावर पसरताना तो कुठपर्यंत आलाय तेच कळेना. एक फाटला, दुसरा फाटला. सासूबाई म्हणाल्या, "हात विसरना का वं तुन्हा?" मी हसून उठले आणि मागच्या दारी जाऊन रडले.

डॉक्टरांनी विचारलं होतं, हातपाय कसे आहेत म्हणून. मी म्हटलं, एकदम चांगले. आणि असंच म्हणत राहणार. गाठ अजून आहे, सुनिता. माझ्या हाताला कळत नाही, पण ह्यांच्या हाताला कळते. औषध कमी केलं आणि ती परत वाढली तर? पायांचं काय, पाय असून नसल्यासारखे चालतील. मला जगायचंय.

माझं एकच काम कर. गुलाबबाईचं काय झालं ते शोधून काढ. आणि ह्यांना यातलं काही कळू देऊ नकोस.

तेल संपत आलं. शेक चालू आहे. आता वीट लालबुंद केली तरच थोडीशी ऊब लागते.

प्रतिभा

•

आश्रमशाळा, ता. धडगाव,
९ फेब्रुवारी २०२५

प्रतिभा,

वीट बंद कर. आत्ता. हे पत्र खाली ठेव आणि सासूबाईंना सांग की आजपासून वीट नाही.

तुझं पत्र काल हाती आलं, शेवटची ओळ मी दोनदा वाचली. अगं, ऊब लागत नाही ती वीट गार असते म्हणून नाही! तुझ्या पायांना भाजलेलंही कळणार नाही. तू मला "दुखतंय" लिहिलं होतंस, म्हणून मी शेक सांगितला. बधिर आहे लिहिलं असतंस तर मी आईच्या हातातून वीट काढून नदीत टाकली असती. तशीच टेकडीवर चढून तुला फोन केला, तळपाय बघ म्हणून ओरडले, तू "बरी आहे, बरी आहे" म्हणून ठेवून दिलास. सासूबाई जवळ असणार. आरसा घे, जमिनीवर ठेव, पाय वर धर आणि बघ. फोड आहे का, कातडी पांढरी झालीय का, ओल आहे का.

गुलाबबाईच्या पाड्यावर जाऊन आले. घर बंद आहे. शेजारच्या भिकुबाईने सांगितलं, मायलेक गुजरातला गेले. मेली असं कुणीही म्हणालं नाही. तेव्हा तू तिचं सुतक धरून बसू नकोस, आणि डॉक्टरांना सांग. तुला जगायचंय ना? मग ज्या माणसाच्या हातात ते आहे त्याच्याशीच खोटं कसं बोलतेस?

खात्या परवा शहाद्याहून परत येतो. त्याच्या हाती एक ओळ पाठव, "पाय बघितले, ठीक आहेत." ती आली नाही तर मी त्याच दिवशी गोपालभाऊंना फोन करणार आहे. मग तू जन्मभर बोलली नाहीस तरी चालेल.

सुनिता

•

सारंगखेडा,
२० फेब्रुवारी २०२५

सुनिताताईंना गोपालचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. प्रतिभा म्हणाली, तिला फोनवर नको, लिहून कळवा. मी एक दिवसासाठी घरी आलो आहे, केळीला पाणी द्यायला. उद्या पहाटे परत सुरतेला जाईन.

तुमचा फोन आला तेव्हा मी बागेत होतो. तसाच घरी आलो. ती धान्य निवडायला बसली होती. मी म्हटलं, पाय दखाड. ती म्हणाली, "कसाले?" मी बसून पाय हातात घेतला. टाचेपासून मधल्या खोलगटापर्यंत कातडी गेली होती. गोणपाटाचा धागा आत चिकटलेला. मी विचारलं, तुले समजनं नही? ती म्हणाली, "माले काहीच समजनं नही." आई तर तिथेच कपाळ धरून बसली. वीट रोज तिनेच तापवली होती. "मन्हाच हातनं व्हयनं रे बाप्पा," एवढंच म्हणत होती.

त्याच संध्याकाळी अंग तापलं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की ताप आला तर घरी थांबू नका. गाडी करून गेलो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अगदी कमी झाल्यात, त्यात पायाची जखम पिकली. वरच्या मजल्यावर वेगळ्या खोलीत ठेवलंय. मंगळवारचा डोस दिला नाही. पहिले दोन दिवस ती मला ओळखत नव्हती. आता ताप उतरतो आहे, पण पुन्हा चढतो. डॉक्टर म्हणतात, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

ती तुमच्यावर रागावली आहे. मी नाही. मला बायकोच्या पायाचं शेजारच्या तालुक्यातून कळावं लागलं, याचा राग मला माझाच येतो.

आपला,
गोपाल चुनीलाल पाटील

•

आश्रमशाळा, ता. धडगाव,
२७ फेब्रुवारी २०२५

प्रतिभा,

काय लिहू? तीन कागद फाडले.

भाऊंचं पत्र आल्यापासून मला जेवण जात नाही. आईला सांगितलं नव्हतं, पण तिला माझ्या तोंडावरून कळलं. आता ती चुलीपाशी बसली की विटांकडे पाठ करून बसते. तुझ्यासाठी म्हणून बाटली बांधत होती तेव्हा किती खूश होती ती. आम्ही दोघींनी मिळून तुला भाजलं गं.

रोज टेकडीवर जाते. भाऊंचा फोन लागला तर "तसंच आहे" म्हणतात, नाही लागला तर मी खाली उतरेपर्यंत काय काय मनात आणते ते तुला सांगवत नाही. रागाव, शिव्या दे, पण स्वतःच्या हाताने दे.

होळी जवळ आली. भोंगऱ्या बाजाराला डोंगरातलं गेलेलं माणूस परत येतंच, मग ते कुठेही मजुरीला असो. मी गुलाबबाईला शोधणार आहे. ती सापडेपर्यंत बाजार सोडणार नाही.

सुनिता

•

सारंगखेडा,
६ मार्च २०२५

सुनिता,

अक्षर मोठं आलंय, कारण पेन मुठीत धरलंय. सोमवारी घरी आले. टाच भरतेय. पट्टी हे स्वतः बदलतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

हो, रागावले होते. विटेबद्दल नाही. पाय बधिर झाल्याचं मीच लपवलं होतं. तू ह्यांना सांगितलंस म्हणून. तुझ्यामुळे डॉक्टरांना सगळं कळलं. त्यांनी माझे पाय टोचले, मी डोळे मिटून होते, आणि सुई कुठे लागली हे मला एकदाही सांगता आलं नाही. मग मला वाटलं होतं तेच झालं. आता मोठा डोस नाही. लहान लहान वाटून, दर आठवड्याला, शुक्रवारी. पहिला २१ मार्चला. ते म्हणतात एकूण काम तेवढंच होतं, नसांना त्रास कमी. गोड बोलतात. गुलाबबाईलाही असंच गोड सांगितलं असेल.

मी ठरवलंय, जाणार नाही. द्यायचं तर पुरतं द्या, नाहीतर सरळ ऑपरेशन करा. चिमूटभर औषध घ्यायला दर आठवड्याला इतका प्रवास करून, शेवटी एक दिवस आपलीही खुर्ची रिकामी. त्यापेक्षा घरी बसते. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. सासूबाई माझ्या समोर येत नाहीत, जेवणाचं ताट उंबऱ्यात ठेवून जातात. त्यांना म्हटलं, आई, तुमचं काही चुकलं नाही. त्या ताट ठेवतात आणि जातात.

पायाखाली जमीन आहे की नाही हे बघून चालावं लागतं. वर बघितलं की तोल जातो.

तू फोन केला नसतास तर मी मेले असते, हे मला कळतं. तरी राग जात नाही. काय करू?

प्रतिभा

•

आश्रमशाळा, ता. धडगाव,
१२ मार्च २०२५

पाटलीणबाई,

आधी बस. पायाखाली काय आहे ते बघून बस.

गुलाबबाई जिवंत आहे.

पण आधी मला एक कबूल करायचंय. भिकुबाईने "मायलेक गुजरातला गेले" असं म्हटलंच नव्हतं. ती म्हणाली होती, एके दिवशी दलसिंग एकटाच आला, कोंबड्या शेजारी देऊन टाकल्या, दाराला काट्या लावल्या आणि कुणाशी न बोलता निघून गेला. मी ते ऐकून झाडाखाली बसून राहिले होते. तुला ते कसं लिहू? म्हणून "मायलेक" लिहिलं. तू मला खोटं लिहीत होतीस आणि मी तुला.

परवा भोंगऱ्या बाजाराला धडगावला गेले. पाय ठेवायला जागा नाही, ढोल, घुंगरू, गुळाच्या जिलब्या, साखरेच्या माळा. सकाळपासून प्रत्येक म्हाताऱ्या बाईच्या तोंडाकडे बघत हिंडले. दोघींनी मला शिव्या घातल्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा हाराच्या दुकानापाशी एक बाई दिसली. एवढ्या उन्हात डोक्यावरून जांभळी शाल. पिवळा काठ.

मी तिचा हातच धरला. तिने काही झटकला नाही, कारण तिला कळलंच नाही. दलसिंगने सांगितलं तेव्हा वळली. मी म्हटलं, गुलाबबाई, ही शाल सारंगखेड्याच्या प्रतिभाची ना? तर तिचा चेहरा एकदम पडला. पावरीत जे बोलली ते तुला मराठीत लिहिते.

"ती बाई चांगली होती," म्हणाली. "गेली बिचारी."

मी म्हटलं, कोण गेली? ती म्हणाली, ताई गेली. तिचं स्वतःचं औषध जानेवारीपासून दर शुक्रवारी झालंय, दुसऱ्या हॉलमध्ये. दर आठवड्याला डोंगरातून येणं होईना, म्हणून दलसिंग तिकडेच बांधकामावर लागला आणि ती त्याच्याजवळ राहते. घर बंद करायला तो एकटा आला होता. एकदा मंगळवारी तिचं रक्त तपासायचं होतं, म्हणून तुला भेटायला ती जुन्या हॉलमध्ये डोकावली. तुझी खुर्ची रिकामी. झाडणाऱ्या बाईला विचारलं, ती म्हणाली ठाऊक नाही. प्रतिभा, तो अठरा फेब्रुवारीचा मंगळवार होता. तू तेव्हा त्याच इमारतीत वर तापाने फणफणत होतीस.

"मी तिला म्हटलं होतं, डॉक्टरला सांग," गुलाबबाई म्हणाली. "तिच्या हातातून पाण्याचा पेला दोनदा पडला, मी बघितलं होतं. तिने नाही सांगितलं. जी सांगत नाही ती जाते. मी सांगितलं, म्हणून मी उरले."

आमच्याकडे सणाला आधी गेलेल्यांची नावं घेऊन मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडतात, हे तुला माहीत आहे. होळीसाठी पाड्यावर परत आल्यावर तिने नवऱ्याची सोडली, सासूची सोडली, आणि मग तुझ्या नावाची सोडली. गुजर पाटलांच्या बाईला मोह चालेल की नाही, म्हणून आधी थोडा वेळ विचार केला, असंही म्हणाली.

मी सांगितलं, तू आहेस. ती रस्त्यातच खाली बसली आणि शाल तोंडावर घेतली. लोक ओलांडून जात होते. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि पहिलं काय म्हणाली असेल? "मग आता त्या धारेचं काय करायचं?" मी म्हटलं, ती मागे घेता येत नाही, तू तिला शुक्रवारी भेट म्हणजे फिटेल.

तिची गाठ आटतेय. लहान डोसानेच. डॉक्टरांनी तिला बोटाने दाखवलंय, तिने मला दाखवलं, हरभऱ्याएवढी.

आता तुला वाटेल ते कर. पण २१ तारखेला ती तुझी वाट बघणार आहे, आणि मी तिला शब्द दिलाय.

सुनिता

•

सारंगखेडा,
२२ मार्च २०२५

मास्तरीण,

मेलेल्या बाईचा नमस्कार घे.

काल गेले. आदल्या दिवसापर्यंत ठरत नव्हतं. तुझं पत्र ह्यांना वाचायला दिलं, तुझी जुनी पत्रंही दिली. ह्यांनी वाचलं आणि पिशवी भरायला घेतली. निघताना सासूबाई पहिल्यांदा समोर आल्या. माझ्या चपलांना त्यांनी मागून पट्टे शिवून आणले होते, लहान मुलांच्या असतात तसे. खाली बसून स्वतः बांधले. म्हणाल्या, "आते कोठेच नही जावाव." चपलांना म्हणाल्या की मला, कोण जाणे.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. विचारलं नव्हतं तेही सांगितलं. चव जाते, नखं काळी पडलीत, जिना उतरताना भीती वाटते. ते लिहून घेत होते. गाठ पुन्हा मोजली. मधला डोस चुकला तरी वाढलेली नाही. त्या एका वाक्यासाठी मी महिनाभर मरत होते. पाय परत पहिल्यासारखे होतील का, विचारलं. म्हणाले, पुष्कळांचे होतात, सावकाश, पण वचन देत नाही. मला ते आवडलं. भीती गेलेली नाही, सुनिता. पुढच्या शुक्रवारची आहे, ऑपरेशनची आहे. पण ती आता सांगता येते.

शुक्रवारचा हॉल मागच्या बाजूला आहे. दारातून बघितलं तर शेवटच्या खुर्चीवर जांभळी शाल. शेजारच्या खुर्चीवर तिने आपली पिशवी ठेवून जागा धरली होती आणि सिस्टरशी भांडत होती. मला बघून तिने पिशवी उचलली. मी बसले. दोघींना सुया लागल्या. मग तिने माझा हात ओढून आपल्या हातात घेतला आणि चांगला जोरात चिमटा काढला.

"कळलं?" तिने विचारलं.

"नाही."

मग मी तिला काढला.

"मलाही नाही," म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की सिस्टर धावत आली.

सलाईन संपेपर्यंत तिने हात सोडला नाही. सोडला असता तरी मला कळलं नसतं, आणि तिलाही नाही. म्हणून आम्ही दोघी आळीपाळीने बघत होतो, आहे ना अजून, म्हणून.

तुझी,
प्रतिभा